काचेमागचं आडनाव

बाबा,

गेल्या महिन्यात मी परीक्षा देऊन आले. या वयात कसली परीक्षा, असं तुम्ही विचारणार नाही हे मला माहीत आहे, कारण तुम्ही माझ्याहून मोठे असताना दिली होतीत. तुमची तुम्ही हौसेनं दिलीत, माझी सक्तीची होती. आता घरांच्या एजंटांना सरकारी नियमानं प्रशिक्षण घ्यावं लागतं, संगणकासमोर बसून प्रश्न सोडवावे लागतात, आणि मग मिळालेलं प्रमाणपत्र ऑफिसात येणाऱ्याला दिसेल असं लावावं लागतं. पास झाले. माझ्या शेजारी धायरीचे एक गृहस्थ होते. शेती गेली, शेतावर सोसायट्या आल्या, आणि आता त्याच सोसायट्यांतले फ्लॅट ते विकतात. बाहेर पडल्यावर उसाचा रस पिता पिता म्हणाले, "ताई, तुमी जुन्या हाय या धंद्यात. खरं सांगा, या कागदाचा काय उपेग हाय का?" मी काहीतरी बोलले, नियम आहे, घ्यावा लागतो, असं. ते मान हलवून निघून गेले. तेव्हापासून तो प्रश्न माझ्याबरोबर घरी आलाय, आणि त्याचं उत्तर द्यायचा अधिकार माझ्यापेक्षा तुमचा जास्त आहे असं वाटतंय.

तुमचं कर्वेनगरचं ऑफिस अजून आहे, गिरणीशेजारचंच. गिरणी मात्र बंद झाली, तिथे आता मोबाइलची काच बदलून देतात. तुम्ही सरकारी कचेरीतून निवृत्त होऊन तो गाळा घेतलात तेव्हा पाटी रंगवणाऱ्यानं विचारलं होतं, मालकाचं नाव कुठे टाकू. तुम्ही म्हणालात, नाव नको, नुसतं 'घरे, जागा, फ्लॅट' लिही. मी तेव्हा नुकतंच कॉलेज संपवून तुमच्या हाताखाली आले होते. नाव का नको, हे मी विचारलं नाही, आणि तुम्हीही सांगितलं नाही. आपल्या घरात ते सांगावं लागत नव्हतं. तरुणपणी नोकरी लागल्यावर तुम्ही शहरात खोली शोधत होतात, तेव्हा गाव, खातं, पगार सगळं विचारून झाल्यावर शेवटी आडनाव विचारलं जायचं, आणि मग खोली कालच दिलेली असायची. आपण बौद्ध आहोत हे आपलं आडनावच सांगून टाकतं. म्हणून पाटीवर ते नव्हतं. लोक तुम्हाला काका म्हणायचे, काही साहेब म्हणायचे, आणि तेवढ्यावर धंदा चालायचा.

या धंद्यात विश्वास कशात मोजतात हे तुम्हीच मला पहिल्या आठवड्यात दाखवलंत. घरमालक फोनवर गोड बोलला, चहा पाजला, फोटो दिले, तरी त्याला काही अर्थ नाही. तो रिकाम्या घराची किल्ली आपल्याकडे ठेवून गेला, की तो आपला. म्हणून तुमच्या खुर्चीमागे ती लाकडी फळी होती, तिला हूक होते, आणि प्रत्येक किल्लीला पुठ्ठ्याचा तुकडा बांधलेला असायचा. सकाळी आल्यावर तुम्ही आधी त्या फळीकडे बघायचात.

मग हिंजवडीकडे कंपन्या आल्या आणि गिऱ्हाइकं बदलली. गळ्यात ओळखपत्र अडकवलेली मुलं यायची आणि एजंटालाच प्रश्न विचारायची. कार्पेट किती, लोडिंग किती, तुमचं क्वालिफिकेशन काय. हा शेवटचा प्रश्न तुम्हाला लागला असावा. डेक्कनजवळच्या एका खासगी संस्थेनं एजंटांसाठी शनिवार-रविवारचा अभ्यासक्रम काढला होता, तिथे तुम्ही नाव घातलंत. शाळेतल्यासारखं दप्तर घेऊन जायचात. परीक्षेच्या सकाळी आईनं तुमच्या हातात दळणाचा डबा दिला होता आणि म्हणाली होती, "नापास झालात तर येताना हे दळून आणा, म्हणजे कुठे गेला होतात ते कुणाला कळणार नाही." तुम्ही पास झालात. डबा न दळताच परत आला, वर पेढ्यांचा पुडा होता.

शिकवलेलं वाया गेलं असं मी म्हणणार नाही. तुम्ही कचेरीत आयुष्यभर नकाशे ट्रेस केले होते, पण लोडिंग म्हणजे काय, जिन्याचा आणि गच्चीचा हिस्सा फ्लॅटच्या चौरस फुटात कसा मिसळतात, हे तुम्हाला त्या वर्गातच कळलं. त्यानंतर तुम्ही टेप घेऊन फिरू लागलात आणि गिऱ्हाइकासमोर भिंतीपासून भिंतीपर्यंत मापं काढून दाखवू लागलात. बिल्डरांना ते आवडायचं नाही. हेही खरं, की तुमच्याच वर्गात पहिल्या आलेल्या गृहस्थांनी पुढे एकच फ्लॅट दोघांना विकला. प्रमाणपत्र त्यांच्याकडेही होतं, तुमच्यापेक्षा जास्त मार्कांचं. धायरीच्या त्या गृहस्थांना एवढंच सांगून भागलं असतं, की माणूस सरळ असेल तर कागदाचा उपयोग होतो. पण तुमच्या कागदाची गोष्ट तिथे संपत नाही.

तुम्ही तो फ्रेम करून आणला आणि खुर्चीमागे, फळीच्या वर लावला. मी खाली उभी राहून वाचलं. तुमचं नाव, आजोबांचं नाव, आणि ठळक अक्षरात आडनाव. पाटीवर जे लिहिलं नव्हतं ते आता काचेमागे होतं, गिऱ्हाईक बसतं त्या खुर्चीच्या अगदी समोर. मी म्हटलं, घरी लावू या का, हॉलमध्ये छान दिसेल. तुम्ही स्टुलावरून न उतरता म्हणालात, "घरात लावून काय करू? घरात मला सगळे ओळखतात."

शनिवार पेठेतले ते निवृत्त गृहस्थ तुम्हाला आठवत असतील. नव्या इमारतीतला त्यांचा फ्लॅट विकायचा होता. तुमच्याशी त्यांचं चांगलं जमलं होतं, फोनवर अहो साहेब, अहो साहेब चालायचं. त्या दिवशी ते किल्ली द्यायला आलेत. किल्ली टेबलावर ठेवलीय, मी चहा सांगून आलेय, आणि ते चष्मा वर करून भिंतीवरचं वाचतायत. हळूहळू, ओठ हलवत. आडनावाशी आल्यावर ओठ थांबतात. "वा," ते म्हणतात, "या वयात शिकलात. कौतुक आहे." मग जरा थांबून, "हे आपण आधी बोलला नाहीत." तुम्ही म्हणता, "आपण विचारलं नाहीत." ते हसतात. "तसं नाही हो. आम्ही असलं काही मानत नाही." चहा येतो. ते चहा पितात, पूर्ण पितात, कप खाली ठेवतात, आणि त्याच हातानं किल्ली उचलतात. मुलाचा अमेरिकेहून फोन येणार आहे, त्याच्याशी एकदा बोलतो, आज राहू दे, असं काहीसं म्हणून ते जातात.

मी लगेच स्टूल ओढलं. तुम्ही माझ्याकडे बघितलंत. "राहू दे ते," म्हणालात. "किल्ली त्यांची होती, त्यांनी नेली. नाव माझं आहे." आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं वाटलं असतं.

त्यानंतर पेठांमधल्या किल्ल्या कमी झाल्या. फळीवरचे हूक रिकामे दिसायचे आणि आई ऑफिसात आली की तिकडे पाठ करून बसायची. फ्रेम उतरवा असं ती म्हणाली नाही, पण घर कसं चालणार हा प्रश्न जेवताना ताटाशेजारी असायचाच. असेच काही महिने गेले आणि एका रविवारी नागपूरकडची ती मुलगी आली, कंपनीत कामाला असलेली, आईला घेऊन. भाड्यानं घर हवं होतं. नाव विचारल्यावर तिनं फक्त पहिलं नाव सांगितलं. मग तिची नजर वर गेली. तिनं वाचलं, आईच्या दंडाला हात लावून तिला दाखवलं, आणि खुर्चीत नीट टेकून बसत म्हणाली, "जयभीम काका." पुढे बराच वेळ ती बोलत होती, कुठे कुठे घर नाकारताना काय काय कारणं सांगितली ते. तिची आई नुसती बसून फ्रेमकडे बघत होती.

त्या दिवशी तुम्ही घरमालकांना फोन लावलेत आणि मी ऐकत होते. पूर्वी तुम्ही भाडेकरूचं आडनाव करारापर्यंत लांबवायचात, पगार सांगायचात, कंपनी सांगायचात. त्या दिवशी पहिल्याच वाक्यात आडनाव सांगितलंत आणि म्हणालात, "आधीच सांगतो. नंतर किल्ली मागे घ्यायला माझ्याकडे येऊ नका." दोघांनी फोन ठेवला. तिसऱ्या बाईंनी विचारलं, मुलगी डबा लावणार की स्वयंपाक करणार, ओटा नवा आहे. तिथे ती तीन वर्षं राहिली. तुम्ही मात्र नंतर कायम तसेच बोललात, आपल्या नावाबद्दलही. हे त्या अभ्यासक्रमात नव्हतं. पण तो कागद भिंतीवर नसता तर तुम्ही ते बोलू लागला असतात का, हे मला अजून ठरवता येत नाही.

आता माझं. माझं प्रमाणपत्र आलं, नियमाप्रमाणे दाराजवळ लावलं. त्यावर सासरचं आडनाव आहे, गावावरून पडलेलं. ते वाचून कुणाला काही कळत नाही. परवा एका घरमालकांनी ते वाचलं आणि मोकळेपणानं विचारलं, भाडेकरू आपल्यातलेच ना? मी विचारलं, आपल्यातले म्हणजे? ते हसले. मीही थोडी हसले.

तुमची फ्रेम तुम्ही गेल्यानंतर ऑफिसला रंग काढताना उतरवली होती. रंग वाळला की लावायची होती. ती आज कपाटातून काढून आणलीय. संस्था कधीच बंद झाली, नियमात त्या कागदाला काही जागा नाही, पण काच पुसल्यावर अक्षरं अजून तशीच ठळक आहेत. फळीच्या वर तुमच्या जुन्या जागी खिळा ठोकलाय. धायरीच्या गृहस्थांचा नंबर माझ्याकडे आहे, त्यांना फोन करून काय सांगायचं तेही आता जवळपास ठरलंय. चारला ते घरमालक किल्ली द्यायला येणार आहेत.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, त्यामुळे घाई नव्हती. फ्रेम लावून झाली की शेवटची ओळ लिहायची असं ठरवून बसले होते. बाहेर त्यांची स्कूटर थांबल्याचा आवाज आला. फ्रेम अजून टेबलावर आहे, बाबा, आणि मी तिच्यावर हात ठेवून बसलेय.