पोटरीवरचे ओघळ

३ फेब्रुवारी

आली! लेक बाळाला घेऊन हॉस्पिटलमधून थेट माझ्याकडे आली. मुलगी आहे, आणि आवाज असा की गाडीला हॉर्न नको. माझी ताई मदतीला राहायला आलीय. ती आल्या आल्या मी जाहीर केलं — बाळाला आंघोळ मी घालणार. ताई टॉवेल धरून दाराबाहेर उभी राहिली. तान्ह्या बाळाच्या पाण्याला ती हात लावत नाही. तिच्या स्वतःच्या मुलांनाही भाऊजींनीच न्हाऊ घातलं.

कारण घरात सगळ्यांना पाठ आहे. मी तान्ही असताना सात वर्षांच्या ताईच्या हातून कढत पाण्याचं भांडं माझ्यावर सांडलं. आई शेवटपर्यंत तेच सांगायची. पुरावा माझ्या डाव्या पोटरीवर — फिकट ओघळ, पाणी वाहत गेल्यासारखे. माझा काही राग नाही हं. भांडणात हुकमाचं पान म्हणून काढते, एवढंच.

६ फेब्रुवारी

सकाळीच गाडीची शिकवणी होती. बँकेतले साहेब — लायसन्सची परीक्षा उद्यावर, आणि गाडी मागे घ्या म्हटलं की डोळे मिटतात! लेक गाढ झोपलेली. ताईला म्हटलं, आज तू घाल आंघोळ.

"नको गं. मला नको सांगूस."

म्हटलं, कोपर बुडवून बघ, सोसलं की घाल, त्यात काय एवढं! घातली बिचारीनं. साहेब मात्र खांबाला भिडले.

७ फेब्रुवारी

बाळाच्या पायावर फोड. ओळीनं, मांडीपासून घोट्यापर्यंत. लेक रडतेय. जावई नुसता ताईकडे बघतोय. ताई पांढरीफटक. "कोपर बुडवलं होतं गं. दोनदा बुडवलं."

"दोनदा कशाला? म्हणजे शंका होती ना तुला?"

हे मी बोलले. शिकाऊ गाडीत माझ्या पायाशी जादा ब्रेक असतो. तोंडालाही एक बसवून घ्यायला हवा.

८ फेब्रुवारी

ताई गेली. न सांगता. बाळाचे टॉवेल घड्या करून ठेवलेत.

१० फेब्रुवारी

नवे फोड! पोटावर, दंडावर. दोन दिवस आंघोळ मीच घालतेय, तीही कोमट. मग आता कुणाला धरायचं? उद्या त्वचेच्या डॉक्टरकडे.

११ फेब्रुवारी

डॉक्टर म्हणजे अगदी पोरगेलीशी. जावयानं सांगून टाकलं, मावशीआजीनं गरम पाणी घातलं. तिनं भिंग लावून बाळ पालथं-उताणं करून पाहिलं. "भाजलेलं असं ओळीनं उठत नाही. आणि रोज नवं येत नाही."

मग प्रश्नांची सरबत्ती. लेकीला चार दात आलेच नाहीत, कमरेवर लहानपणापासून करडी भोवऱ्यांची नक्षी. मी म्हटलं, आमच्या घरचे दात आळशी आहेत, माझाही एक सुळ्यासारखा निमुळता आहे. ती माझ्याकडे वळली. "आजी, तुमच्या अंगावर काही?" (आजी! पदवी नवीनच आहे.) म्हटलं, भाजल्याचा डाग आहे, त्याचा इथे काय संबंध? तरी बघायचाच म्हणाली. सलवार वर केली. तिनं बॅटरी मारली, बोट फिरवलं.

"इथे केस येतात?" नाही. "घाम?" कधीच नाही.

"आजी, हे भाजलेलं नाही. हेच बाळाला आहे. तुमच्याकडून लेकीला, लेकीकडून नातीला."

पुढचं मला नीट ऐकूच आलं नाही.

१३ फेब्रुवारी

आजाराचं नाव लिहून घेतलंय — इनकॉन्टिनेन्शिया पिगमेन्टी. नंबरप्लेटवर मावायचं नाही. फोड जातील, मग खडबडीत होईल, मग नक्षी उमटेल, तीही फिकी पडेल. खरी भीती डोळ्यांची आणि मेंदूची. झटके येतात का बघायचं. मान धरणं, बसणं, बोलणं वेळेवर होतंय का बघायचं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी आज तपासलं — पडदा ठीक! जीव भांड्यात पडला. दर महिन्याला दाखवायचं. दाखवू! उशिरा चालली तर उशिरा. क्लच कशाशी खातात हे ठाऊक नसलेल्यांना मी रस्त्यावर आणलंय, माझी नात तर हुशार दिसतेय.

डॉक्टरनं एक आणखी विचारलं. पोटातच गेलेली मुलं आहेत का? म्हटलं, माझी दोन. दोघंही मुलगेच होते. ती म्हणाली, या आजारात मुलगे बहुधा तगत नाहीत. सासूबाई म्हणायच्या, गाडीतून आदळत हिंडते, दुसरं काय होणार. मी तेव्हा हसण्यावारी नेलं. आज घरी येऊन बाथरूममध्ये नळ सोडून रडले.

१५ फेब्रुवारी

ताईकडे गेले. तिनं दार उघडलं, आत ये म्हणाली नाही. मी उंबऱ्यातच पोटरी उघडी टाकली आणि सगळं सांगितलं, जसं ऐकलं तसं. केस, घाम, ओघळ, आई. आईला बिचारीला दुसरं काय सुचणार? तेव्हा संध्याकाळी माझ्या अंगावर फोड दिसले असणार, आणि सकाळी पाणी ताईनं आणलेलं. "तू काही केलं नाहीस, ताई. ना तेव्हा, ना आता. आणि मी त्या दिवशी बोलले ते गाढवासारखं बोलले." ताईनं मला आत घेतलं. मग चहा टाकला. मी निघाले तेव्हा फाटकापर्यंत आली.

झालं! एवढी वर्षं उगाच. सुटली माझी ताई.

१६ फेब्रुवारी

ताईचा फोन, उजाडताच. "रात्रभर विचार केला. डॉक्टरचं खरंच असणार. पण मग गं, ते भांडं माझ्या हातातून निसटताना मला आजही दिसतं. तू किंचाळलीस, ते ऐकू येतं. घडलंच नाही, तर हे कुठून आलं?"