दक्षिणेकडे तोंड करून

आई, आम्ही परवा दक्षिणेहून परत आलो. बॅगा अजून हॉलमध्येच पडल्या आहेत आणि मी फार्मसीतून घरी येऊन, कपडेही न बदलता तुला लिहायला बसले आहे, कारण मला तुझ्याशी जरा भांडायचं आहे. ट्रिप सासूबाईंसाठी होती. त्या पुण्याहून आमच्याकडे टौरंगाला राहायला आल्या आहेत, आणि तुझ्या जावयाने त्यांच्यासाठी साउथ आयलंडची, म्हणजे इथल्या दक्षिण बेटाची, एक टूर शोधून काढली. दिवसा सोन्याच्या शोधात वसलेल्या जुन्या गावांतून हिंडायचं, अंधार पडला की आकाशातले रंग बघायचे. ऑरोरा म्हणतात त्याला. गाइड, मिनीबस, थर्मासमधलं सूप, सगळी बडदास्त. विमानात त्याने आपल्या आईला खिडकीची जागा दिली, तिच्या गळ्याभोवती स्वतःचा मफलर गुंडाळला, आणि 'अगं आई, हे घे, अगं आई, ते बघ' असं त्याचं जे सुरू झालं ते घरी येईपर्यंत थांबलं नाही. मी जळले. दुसरा शब्द नाही त्याला. पंचेचाळिशीच्या बाप्याला 'अगं आई' म्हणायला माणूस आहे आणि मला नाही, एवढंच कारण.

सासूबाईंना मी 'अहो आई' म्हणते. लग्नाच्या आधी सांगलीच्या आपल्या स्वयंपाकघरात रुखवताच्या करंज्या चालल्या होत्या ते आठवतं? शेजारच्या काकू करंज्या कातता कातता म्हणाल्या, "आजकाल मुली सासूलासुद्धा सरळ अगं आई म्हणतात हो. तूही म्हण, त्यांना बरं वाटेल." तू कढईतला झारा तसाच वर धरलास. "काही नको. अहो म्हणावं, मान राहतो." काकू गेल्या, तू गॅस बारीक केलास आणि माझ्याकडे पाठ करूनच म्हणालीस, "अगं माझं आहे." मी हसले होते. आता हसू येत नाही. नाक मी बाबांचं घेतलं, पण हा मत्सर थेट तुझ्याकडून आलाय. तू गेल्यापासून तर ते 'अगं' मी तुझ्या साड्यांपेक्षा जास्त जपलं. सासूबाई दोनदा म्हणाल्या, "अहो-जाहो कशाला गं, मी काय परकी आहे?" मी विषय बदलला. आणि तू तरी काय केलंस? पासपोर्ट काढलास, फोटोत पोलिसांनी पकडून आणल्यासारखी दिसतेस म्हणून आपण पोट धरून हसलो, आणि मग सुरू झालं तुझं. तुमचं घर लागू दे. आंब्याचा सीझन होऊ दे. गुडघा जरा बरा होऊ दे. सासूबाई तिसऱ्यांदा आल्यात इकडे. तू एकदाही नाही, आणि तुझी नात चौदा वर्षांची झाली तरी आजी म्हणजे तिला फक्त त्याच माहीत आहेत.

तर नदीकाठ. भर थंडीत शॉर्ट्स घालून फिरणाऱ्या, येईल त्याला 'किआ ओरा' असा माओरी नमस्कार करणाऱ्या आमच्या गाइडने प्रत्येकाच्या हातात एक पसरट ताटली दिली. तिच्यात नदीचा गाळ घ्यायचा, पाण्यात धरून गोल गोल हलवायचा, वाळू वाहून जाते आणि सोनं जड म्हणून तळाशी राहतं. तुझ्या जावयाने पहिल्याच झटक्यात सगळा गाळ नदीला परत केला. सासूबाई म्हणाल्या, "अरे, हे तर तांदूळ रोळणं! फक्त घरी तळाचे खडे टाकतो, इथे तळचंच ठेवायचं." आणि साडीवर घातलेलं जॅकेट सावरत बसल्या रोळायला. थोड्या वेळाने गाइड वाकून बघतो तर टाचणीच्या टोकाएवढा पिवळा ठिपका. "स्वीट ॲज! यू'व्ह गॉट कलर!" तुझी नात किंचाळली, "आजी, दॅट्स ॲक्चुअल गोल्ड!" झालं, सगळी मिनीबस त्यांच्याभोवती. आई, रोळायला मला तू शिकवलंस. रेशनचा तांदूळ, मोरीजवळ दोन पातेली, आणि तुझं चाललेलं, "मनगट सैल सोड, तांदळाशी मारामारी करू नकोस." मलाही येतं की! मी बाजूला बसून अगदी तुझ्यासारखं रोळत होते, कोणी बघतंय का याकडे एक डोळा ठेवून. माझ्या तळाशी काळी वाळू निघाली.

मग गाइडने चिनी खाणकामगारांच्या दगडी झोपड्या दाखवल्या. थोडं सोनं जमलं की परत जाऊ म्हणून आलेली माणसं, पुष्कळशी गेलीच नाहीत. त्या बुटक्या दारात हात टेकून सासूबाई म्हणाल्या, "आणि आया तिकडे वाट बघत बसल्या असतील." त्यांनी मुलाकडे पाहिलं. तो फोटो काढत होता. मला त्यांचं वाईट वाटलं आणि वाईट वाटल्याचाही राग आला.

संध्याकाळी अंधारून आल्यावर आम्हाला तळ्याकाठी नेलं आणि घडीच्या खुर्च्या ओळीने दक्षिणेकडे तोंड करून मांडल्या. सासूबाई कुरकुरल्या, "दक्षिण म्हणजे यमाची दिशा. आपण तिकडे पाय करून झोपत नाही, आणि हे लोक तिकडे बघत सूप पितात." मी मात्र त्याचसाठी आले होते. दक्षिण म्हणजे पितरांची बाजू, म्हणजे तुझी. मनाशी ठरवलं होतं की रंग दिसले की पहिली हाक तुला मारायची, हळूच, कोणाला ऐकू न जाता. बराच वेळ नुसता राखाडी उजेड. डोळ्यांना काही दिसेना, नातीच्या फोनमध्ये मात्र गुलाबी. "माझ्यापेक्षा फोनचा मोतीबिंदू बरा," असं सासूबाई म्हणतायत तोवर डोंगरामागून लाल पट्टे सरळ उभे राहिले, खाली हिरवं, आणि सगळं हलायला लागलं. मी खुर्चीतून उठले, कोणाची तरी बाही ओढली आणि ओरडले, "अगं आई, बघ! अगं बघ ना!"

"बघते गं, बघते. बाही फाडशील माझी," सासूबाई म्हणाल्या.

सकाळी नाश्त्याला तुझा जावई माझ्याशी फार मायेने वागत होता. नंतर त्याने सांगितलं, "आई मला म्हणाली, 'काल तुझ्या बायकोला तिची आई आठवली. तिला काही विचारू नकोस.'" सासूबाईंनी किती अलगद ते 'अगं' तुझ्याकडे परत करून टाकलं. मीही मान हलवली. पुन्हा अहो आई, चहा घेता का, सुरू झालं, आणि त्यांनीही घेतला.

हे कुठे पाठवायचं नाही, म्हणून इथे लिहिता येतं. आई, ती हाक तुला नव्हती. मला तेव्हा तुझी आठवणसुद्धा झाली नाही.