उजवीकडं सावली होती, मामा

ती. जोतीराममामांना,

शिवाजी पेठेतून संयोगिताचा वाकून नमस्कार. पाया पडल्यावर तुम्ही पाठीत जो धपाटा घालता, तोही पोचला असं धरून चालते.

तब्येत कशी आहे? बीपीची गोळी आपणहून घेता, की मामी ओरडल्यावर? खोकला गेला का? दुसरी म्हैस व्याली असेल तर खरवसाची आठवण ठेवा. इकडं आई बरी आहे. पप्पांचा गुडघा जिना चढताना कुरकुरतो, एरवी गप्प असतो. (पप्पांचं नाव आलं म्हणून लगेच पत्र खाली ठेवू नका. मी गुडघ्याविषयी लिहिलंय, माणसाविषयी नाही. आणि आई माहेरी आली की तुम्हीच तिला कडंला घेऊन 'तिकडचा गुडघा कसा हाय' म्हणून विचारता, हे ती मला सांगते. आई परत आली की पप्पाही पेपरात तोंड खुपसून 'तिकडं भात बरं आलंय न्हवं' असं विचारतात. तीन वर्षं झाली, तुम्हा दोघांचं सगळं बोलणं हे असं 'तिकडं' आणि 'तिकडचं' मधून चाललंय आणि टपाल वाहून वाहून आई दमली आहे.)

पत्र लिहायचं कारण म्हणजे फोनवर मी 'लग्न' म्हटलं की तुमच्याकडची रेंज जाते. म्हणून आधीच शब्द देते, या पत्रात मी लग्नाचा विषय काढणार नाही. पुढच्या महिन्यात वीस तारखेला दुपारी अक्षता आहेत, हॉल घेतलाय, आचारी ठरलाय, हे तुम्हाला आईकडून कळलंच असेल. मंगलाष्टका सुरू व्हायच्या आधी भटजी माइकवरून 'मुलीचे मामा, मुलीच्या पाठीमागं या' म्हणून पुकारणार आणि तेव्हा माझ्या पाठीमागं कोण उभारणार ते ठरलेलं नाही. तुम्ही म्हणता, दाजींनी स्वतः पत्रिका घेऊन यावं, मग बघू. पप्पा म्हणतात, जोतीरामानं आधी तोंड उघडावं, मग बघू. दोघंही बघताय आणि तारीख जवळ येतीय. पण ते राहू दे. मी माझ्या वर्गाविषयी लिहायला बसले आहे.

तुम्हाला माहीत आहे, मी राजारामपुरीतल्या एका ज्युनिअर कॉलेजात अकरावीला राज्यशास्त्र शिकवते. (गावात तुम्ही 'आमची भाची राजकारणात हाय' असं सांगता, ते कृपा करून बंद करा. गेल्या महिन्यात तुमच्याकडचे एक पावणं मुलाच्या बदलीचं काम घेऊन स्टाफरूममध्ये आले होते. येताना काकवीची बरणी आणली होती. बदली माझ्या हातात नाही म्हटल्यावर काकवी परत घेऊन गेले.) तर यंदा धडा आला राजकीय पक्षांचा, आणि त्यात डावे आणि उजवे. तुम्हाला थोडक्यात सांगते. गरिबाचा भार सरकारनं उचलावा, ज्याच्याकडं जास्त त्यानं कर जास्त द्यावा, असं म्हणणारे ते डावे. ज्याचा धंदा त्याला करू द्यावा, सरकारनं मधे मधे करू नये, जुन्या रीतीभाती जपाव्यात, असं म्हणणारे ते उजवे. बाकी बहुतेक लोक मधे कुठंतरी असतात. ही नावं पडली ती फ्रान्समधल्या सभागृहात कोण कुठल्या बाजूला बसलं त्यावरून. (म्हणजे बसायच्या जागेवरून रुसवेफुगवे काही फक्त आपल्या लग्नातच होत नाहीत. बघा, विषय आपोआप आला, मी काढला नाही.)

एवढं सगळं मी फळ्यावर आखून, समजावून सांगितलं, तर पहिल्या बाकावरचा सम्राट उठला आणि म्हणाला, मॅडम, ते सगळं असू दे, पण ह्यात आपला गट कुठला? मामा, हे आपल्याकडचं दुखणं तुम्हाला सांगायला नको. पेठेतल्या पोराला बाराखडी यायच्या आधी आपली तालीम कुठली, फुटबॉलची टीम कुठली आणि आपलं घर कुठल्या साहेबांच्या गटात, हे पाठ असतं. पक्ष बदलला तरी चालतो, कारण साहेब जिकडं जातील तिकडं पक्ष. मागून एकानं विचारलं, डावीकडं कुठली तालीम बसती? दुसऱ्यानं त्याला परस्पर उत्तरही दिलं आणि ते दोघं हमरीतुमरीवर आले. मी डोक्याला हात लावला.

मग मला आपलं वाटलं, पुस्तक बाजूला ठेवावं आणि पोरांना मैदानात न्यावं. पटांगणात चुन्याच्या फक्कीची लांब रेघ मारली. एक टोक डावं, एक उजवं. मी एकेक वाक्य म्हणायचं आणि ज्याला जसं वाटतं तसं त्यानं त्या टोकाकडं जाऊन उभारायचं. पहिलं वाक्य घेतलं, दवाखाने आणि शाळा सरकारनं फुकट चालवाव्यात. अख्खा वर्ग उजव्या टोकाला. मी म्हटलं, बाळांनो, नीट ऐका, आणि दुसरं वाक्य घेतलं, धंद्यात सरकारनं ढवळाढवळ करू नये. वर्ग आहे तिथंच. काहीही म्हणा, उजवीकडून एक पोर हलेना. मी स्टाफरूममध्ये जाऊन जाहीर केलं की नवी पिढी पुरती उजवी झालेली आहे. आमचे अर्थशास्त्राचे सर इतके खूश झाले की त्यांनी सगळ्यांना चहा सांगितला. (हे सर स्वतःच्या वाढदिवसालासुद्धा चहा सांगत नाहीत.) बातमी प्राचार्यांपर्यंत गेली. ते म्हणाले, मलाही दाखवा. म्हणून दुपारच्या सुट्टीनंतर त्यांना घेऊन पुन्हा मैदानात गेले, तीच वाक्यं घेतली, आणि काय सांगू, सगळा वर्ग डावीकडं. झाडून सगळा. मधल्या सुट्टीत पोरांना काय खायला घातलंत, असं प्राचार्यांनी मला हळूच विचारलं. मला तोंड लपवायला जागा नव्हती. शेवटी स्नेहल नावाची एक मुलगी आहे, डोक्यावर ओढणी धरून उभी होती, तिनं सांगितलं की मॅडम, ऊन लागतंय की. सकाळी उजवीकडं कॉलेजच्या इमारतीची सावली असते. दुपारनंतर ती डावीकडं पलीकडच्या हॉलची पडते. सरांचा चहा वाया गेला.

दुसऱ्या दिवशी मी शहाणी झाले आणि वर्गातच बाकं सारून रेघ मारली. तिथं ऊन नव्हतं, सावली नव्हती. पण घरी फोन होता. मी वाक्य म्हटलं की संग्राम नावाचा पोरगा हात वर करायचा आणि 'मॅडम, जरा घरी विचारून येतो' म्हणायचा. वडिलांनी विचारलं, समोरच्या गटाचं पोरगं कुठं उभारलंय? डावीकडं, म्हटल्यावर वडील म्हणाले, मग तू उजवीकडं उभार. ते समोरच्या गटाचं पोरगं म्हणजे आपला सम्राट. त्यानंही घरी फोन लावला. संध्याकाळपर्यंत व्हॉट्सअपवर फिरलं की राजारामपुरीतल्या एका मॅडमनी पोरांचे गट पाडले. सकाळी दोन्ही वडील प्राचार्यांच्या केबिनमध्ये हजर. दोघांची तक्रार एकच, की आमच्या पोराला त्यांच्या पोराच्या खालच्या अंगाला का उभं केलं. दोघंही एकमेकांकडं न बघता प्राचार्यांशी बोलत होते. चहा आला तर आधी कप कोण उचलणार म्हणून दोघांचाही चहा गार झाला. (मामा, मला त्या वेळी कुणाची तरी फार आठवण झाली. कुणाची ते सांगत नाही.) प्राचार्य मला नंतर म्हणाले, मॅडम, धडा वाचून दाखवा आणि मोकळ्या व्हा.

पण मी तुमची भाची. मी पोरांना एक शेवटचा घरचा अभ्यास दिला. घरातल्या मोठ्या माणसाला पक्ष विचारायचा नाही, गट विचारायचा नाही, साहेबांचं नाव काढायचं नाही. फक्त वाक्यं विचारायची आणि उत्तर ऐकून यायचं. पोरं आली आणि आपापल्या घरच्यांच्या जागी रेघेवर उभारली, तर सगळी गर्दी एकाच ठिकाणी, मधल्यापासून जरा डावीकडं, इतकी की पायांनी रेघ पुसली गेली. त्या गर्दीत सम्राट आणि संग्राम एकमेकांना खेटून उभे. दोघांच्याही वडिलांनी सगळी उत्तरं तीच दिली होती. पोरं एकमेकांकडं बघून हसायला लागली.

मग त्यांनी मला विचारलं, असं कसं होतं? मी नावं न घेता एका घरातलं उदाहरण दिलं. म्हटलं, एक दाजी आहेत, राहतात कोल्हापुरात पण सभासद गावाकडच्या भात-संघाचे. एक मेव्हणे आहेत, शाहूवाडीकडं भातशेती करतात. संघाची निवडणूक लागली. दाजी किटली चिन्हाच्या पॅनेलचे, मेव्हणे कपबशीच्या. एका चहाच्या दोन वस्तूंवरून दोघांत जी जुंपली ती तीन वर्षं थांबली नाही. गंमत अशी की दोन्ही पॅनेलचे नेते कधीच एक झाले, आता एका गाडीतून फिरतात, एका ताटात जेवतात. या दोघांना कुणी ते कळवलंच नाही. आता त्या दोघांना हीच वाक्यं विचारली. भाताला सरकारनं भाव बांधून द्यावा, दोघंही व्हय. दवाखाना फुकट असावा, दोघंही व्हय. कर्जमाफी, तर दोघंही म्हणाले, एकदा ठीक हाय, सारखी न्हाय. पोरीला जमिनीत हिस्सा द्यावा, तर दोघांनीही आधी घसा खाकरला आणि मग व्हय म्हणाले. शेवटी विचारलं, माणसानं गट बदलावा का, तर दोघंही नको म्हणाले. रेघेवर उभे केले तर एकाचा पाय दुसऱ्याच्या पायावर पडेल.

वर्ग खूप हसला. मीही हसले. तेवढ्यात स्नेहलनं विचारलं,

"मग मॅडम, तुमच्या मागं कोण उभारणार?"

मी नाव घेतलं नव्हतं हो. पण माझी पत्रिका स्टाफरूमच्या बोर्डावर लागलेली आहे, आणि पोरं तुम्हा-आम्हाला वाटतात तेवढी भोळी नसतात. तास संपायच्या आधीच मी बाहेर आले आणि जिन्यात उभी राहून रडले. मामा, दहावीनंतर मी सायन्स सोडून आर्ट्सला जाते म्हटलं तेव्हा घरात कुणी माझ्याशी बोलत नव्हतं. तुम्ही भरल्या शेतातून एसटीनं आला होता पप्पांशी भांडायला. केवढं भांडला होता दोघं, खालच्या घरातली माणसं जिन्यात येऊन उभी राहिली होती. आणि भांडण झाल्यावर आईनं दोघांना वाढलं, तुम्ही पप्पांच्या ताटातली भाकरी मोडून घेतली आणि तांबडा रस्सा पुन्हा मागितला. तुम्ही त्या दिवशी भांडला म्हणून मी आज शिकवते. भांडू नका असं मी म्हणतच नाही. भांडा की, पण तसं भांडा. मला तुम्ही हवे आहात, आणि तुम्ही नसलात तर मला त्या दिवशी मागं वळून बघायची हिंमत होणार नाही.

असो. फार लिहिलं. मामींना नमस्कार, म्हशींच्या पाठीवरून हात फिरवा, आणि गोळी घ्या.

तुमची,
संयू

ता. क. लग्नाचा विषय काढणार नाही म्हटलं होतं. कितीदा आला ते मोजत बसू नका.

ता. क. दुसरा. मामींवर रागावू नका. परवा धार काढताना त्यांनी तुम्हाला एकाएकी भातभाव, दवाखाना, कर्जमाफी असं काय काय विचारलं, तेव्हा गोठ्याच्या खिडकीत फोन चालू होता आणि इकडं मी ऐकत होते. प्रश्न संपल्यावर मामी फोन बंद करायच्या विसरल्या. त्यामुळं तुम्ही त्यांना 'संयूच्या लग्नात फेटा गुलाबी बांधू का पिवळा' असं विचारलंत, तेही ऐकलं. गुलाबी बांधा. पिवळ्यात तुम्ही आजारी दिसता.

ता. क. तिसरा आणि खरा. हे पत्र घेऊन आलेला माणूस तुमच्या अंगणात उभा असेल. यात काय लिहिलंय ते त्यांना ठाऊक नाही. तुमची अट होती की पत्रिका घेऊन दाजींनी स्वतः यावं, ते आलेत, पत्रिका पिशवीत आहे. त्यांची अट होती की आधी बोलणार नाही, ती मी पाळू दिली आहे. जोतीराममामा पूर्ण वाचेपर्यंत जागचं हलायचं नाही, एवढंच त्यांना बजावून पाठवलंय, आणि तुम्ही सावकाश वाचता म्हणून पत्र मुद्दाम लांबवलंय. तीन वर्षांत तुम्ही दोघं एवढा वेळ एका अंगणात कधी नव्हता. आता लिहायला माझ्याकडं काही उरलेलं नाही. चष्मा काढा, वर बघा, आणि त्यांना 'या' म्हणा.