झाडाला टेकवलेली खुर्ची

शुक्रवार, जुलै. संध्याकाळ.

उद्या कार्निव्हलची परेड. परदेशातल्या आमच्या या गावात एकोणिसाव्या शतकापासून चालत आलेला कार्निव्हल, आणि इथली रीत अशी की आदल्या दिवशीच फुटपाथवर खुर्च्या मांडून जागा धरायची. दुसऱ्याच्या खुर्चीला कुणी हात लावत नाही. आम्हीही दरवर्षी मांडतो. यंदा हौसेने खुर्चीच्या पाठीवर टेप लावून ठळक 'वाघमारे' लिहिलं.

बँड ऐकायला पार्कमध्ये जाताना बघितलं, तर आमची खुर्ची घडी घालून झाडाला टेकवलेली. बाकी सगळ्या जागच्या जागी.

"वाऱ्याने पडली असेल गं," नवरा म्हणाला. असेल. पण वारा घडी घालतो का?

"आई, इट्स जस्ट अ चेअर," इति लेक. खरंय. मग बँडचा एकही सूर माझ्या कानात का शिरला नाही?

परतताना ती दोघं पुढे गेल्यावर मी खुर्ची उघडून पुन्हा तिथेच ठेवली. आणि नावाची टेप ओढून काढली. का काढली? पर्समध्ये आहे अजून, चिकट गोळा होऊन.

इतकी वर्षं बिननावाची खुर्ची कुणी हलवली नव्हती. सकाळी ती जागेवर नसली तर वाईट वाटेलच. पण खरी भीती, ती जागेवर असण्याची आहे.