उडी शिकायला किती दिवस लागतात याविषयी मामाजींना खुलासा

मुक्काम कोसंबटोला नाका,
आलापल्ली रस्ता, जिल्हा चांदा.
माघ वद्य सप्तमी, सन १९५५

तीर्थरूप मामाजींच्या चरणी जावई गुणवंतचा दुरूनच, पण पूर्ण वाकून नमस्कार. (कंबर अजून वाकत नाही, पण पत्रात वाकायला तिची आडकाठी नाही.) आपली तब्येत बरी असेल, मामीजींचा दमा थंडीत आवरला असेल, आणि सिंदेवाहीकडे यंदा धान चांगले झाले असेल अशी आशा आहे. आपली कन्या माहेरी आल्यापासून तिने आपली तंबाखू बंद केली, धान साठवायची ढोली हलवून पडवीत नेली आणि आपल्याला पहाटे उठवून गोठा झाडायला लावते, असे उडत उडत कानावर आले. ऐकून मन भरून आले. मला वाटत होते हे फक्त माझ्याच वाट्याला आहे.

आपले कार्ड पोचले. त्यात आपण एकच ओळ लिहिली आहे की, जावईबापू, छत्री घेऊन आकाशातून उडी मारण्याचे शिक्षण पुरे व्हायला एकंदर किती दिवस लागतात ते उलट टपाली कळवावे. प्रश्नामागची कळकळ ध्यानात आली. शिक्षण पुरे झाल्याशिवाय ती परत येणार नाही असे आपल्या कन्येने आपल्याला सांगितलेच असेल, आणि तंबाखूवाचून माणूस किती दिवस काढणार? तेव्हा सरळ उत्तर देतो. उत्तर आहे चौदा दिवस. पण एवढेच लिहून पत्र बंद केले तर आपली दिशाभूल केल्याचे पाप लागेल, म्हणून थोडा खुलासा करतो.

आपल्याला ठाऊकच आहे की मी आमच्या गावच्या शंकरपटाच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतीच्या, मंडळाचा चिटणीस आहे. (चिटणीस म्हणजे ज्याला नाही म्हणता येत नाही तो.) गेल्या साली पलीकडच्या गावाने आपल्या पटात नागपूरहून भोंगा आणून लावला आणि आमच्या पटाला माणूस राहिला नाही. बैल पळाले, पण ते पाहायला बैलांचे मालकच तेवढे. तेव्हापासून आमचे अध्यक्ष मुखरूजी यांच्या घशाखाली घास उतरेना. दिवाळीनंतरच्या बैठकीत ते म्हणाले की यंदा आपल्या पटात माणूस आकाशातून उतरेल. त्यांचे साडभाऊ लटारूभाऊ फौजेत छत्रीवाल्या पलटणीत होते, नुकतेच पेन्शनीत आले होते, आणि नागपूरच्या लिलावातून एक बाद झालेली छत्री त्यांनी घेऊन ठेवली होती. विमान कुठून आणणार असे कोणी विचारले नाही. उडी कोण मारणार असे मात्र सगळ्यांनी एकदम विचारले, आणि मी तेव्हा वहीत ठराव लिहीत असल्यामुळे खाली मान घालून होतो. मान खाली आहे म्हणजे होकार आहे, असे सर्वानुमते ठरले आणि तोही ठराव मीच लिहिला.

लटारूभाऊ मार्गशीर्षात आमच्या घरी राहायला आले. माणूस सच्चा, छाती दारासारखी, बोलणे मोजके. त्यांनी पहिल्याच जेवणाला सांगितले की फौजेत नवख्याला चौदा दिवस जमिनीवर शिकवतात, मग पाच उड्या, की शिक्षण पुरे. आपल्या कन्येने लगेच बोटांवर मोजले आणि संक्रांतीच्या आत पाहुणा जातो म्हणून पहिली कोंबडी आनंदाने कापली. पण फौजेचा दिवस आणि आपला दिवस यांत फरक आहे हे आम्हाला हळूहळू उमगले. वारा असला तर तो दिवस धरत नाहीत. वारा अजिबात नसला तरी धरत नाहीत. शिकणाऱ्याचे पोट बिघडले असले किंवा शिकवणाऱ्याचे जास्त भरले असले तरी तो दिवस गेला. लटारूभाऊ सकाळी ओटीवर उभे राहून बोट ओले करत, वर धरत, आणि मान हलवून परत घोंगडीत शिरत. आमच्या अंगणात तेव्हा नऊ कोंबड्या होत्या. चौथा दिवस धरला गेला तेव्हा एकच उरली होती, आणि तीही लटारूभाऊंना पाहिले की छपरावर चढून बसे. माझ्यापेक्षा तिचे शिक्षण लवकर पुरे झाले.

शिक्षण पडण्यापासून सुरू होते. उडी मागून, आधी पडणे. दोन्ही पाय जोडायचे, गुडघे किंचित वाकवायचे, हनुवटी छातीला लावायची आणि जमीन लागताच कुशीवर लोळायचे. हे मी धान कापलेल्या बांधीत, धुऱ्याच्या बांधावरून उड्या मारून शिकलो. धानाची धसकटे काय असतात हे आपल्यासारख्या शेतकऱ्याला सांगायला नको, पण आपण ती फक्त पायाने अनुभवली आहेत. पाहायला अर्धे गाव येऊन बसे. शेजारच्या सुकरीबाई मोहफुले वेचून म्हाताऱ्या झालेल्या, त्यांनी दोन दिवस गुडघ्यांना मिठी मारून हे पाहिले आणि तिसऱ्या दिवशी लटारूभाऊंना विचारले, "पडाले शिकवा लागते काय, भाऊ? माहा इसरू मोहाच्या झाडावरून तीनदा पडला. त्याले कोनी शिकवलं नोतं." लटारूभाऊ म्हणाले की इसरू चुकीचा पडला होता. सुकरीबाई म्हणाल्या की असेल, पण पोचला खालीच.

पुढचा धडा चालत्या वाहनातून उडीचा. विमानाऐवजी मुखरूजींनी आपली रेंगी, ती हलकी गाडी, दिली आणि तिला आपली पटाची बैलजोडी जुंपली. इथे एक गोष्ट कोणाच्याच लक्षात आली नाही. मी मागे तोंड करून उभा, लटारूभाऊ धुऱ्यावर उभे, आणि उडीची खूण म्हणून त्यांनी हिरवा रुमाल वर धरून खाली टाकायचा असे ठरले. आता मामाजी, आपणही पट पाहिले आहेत. हिरवा रुमाल खाली पडला की काय करायचे हे त्या बैलांना तीन वर्षांपासून शिकवलेले होते, आणि त्यांचे शिक्षण माझ्यासारखे अर्धवट नव्हते. रुमाल पडला आणि रेंगी निघाली. मी उडी मारली नाही, कारण मारायला जागाच मिळाली नाही. गाव मागे गेले, सुकरीबाई मागे गेल्या, बोडीच्या तळ्याची पाळ आली, ती बैलांनी ओलांडली, आणि मी आडव्या दांड्याला मिठी मारून लटारूभाऊंनी शिकवलेले सगळे विसरलो. बैल शेवटी शेजारच्या गावच्या पटाच्या खुणेपाशी आपणहून थांबले. तिथल्या लोकांनी जोडीची फार तारीफ केली. माझ्याबद्दल काही बोलले नाहीत.

परत आलो तो आपली कन्या दारात उभी होती. मी चिखलाने माखलेला, धोतराचा एक सोगा बैलाच्या शिंगाला. ती हसली नाही, हे पाहून मी घाबरलो. तिने माझ्या डोक्यापासून पायापर्यंत हात फिरवून सगळे जागेवर आहे याची खात्री करून घेतली, आत गेली आणि गाठोडे बांधून बाहेर आली. म्हणाली, "पुरं शिकून घ्या, मंग मले न्याले या. अर्ध्या शिकलेल्या मानसाची वाट पाहून नाई होत माह्याच्यानं." आणि सिंदेवाहीच्या वाटेला लागली. मी मंडळाला नाही म्हणू शकलो नाही, पाहुण्याला नाही म्हणू शकलो नाही, आणि तिला थांब म्हणू शकलो नाही. मामाजी, चुकी माझी आहे हे मी कबूल करतो. तिची नाही.

त्यानंतर स्वयंपाक मीच केला आणि लटारूभाऊंच्या धरलेल्या दिवसांचा वेग जरा वाढला. पटाच्या दिवशी, म्हणजे माघ शुद्ध द्वादशीला, चौदाचे तेरा झाले होते. विमान नव्हतेच, तेव्हा रस्त्याकडेला राखीव जंगलात जो सर्वांत उंच साग आहे त्यावरून उडी ठरली. चढायलाच दोन घटका लागल्या. वर फांदीवर बसलो, पाठीला छत्रीचे बोचके, खाली सातआठशे माणसे, आणि पलीकडच्या गावचा भोंगा गप्प. मुखरूजींच्या चेहऱ्यावर वर्षभराचा घास उतरल्याचे समाधान मला तेवढ्या उंचीवरूनही दिसले. लटारूभाऊंनी रुमाल टाकला. (या वेळी बैल लांब बांधले होते.) मी उडी घेतली. छत्री उघडली, पण ती उघडून सागाच्या फांद्यांतच बसली, आणि मी जमिनीपासून दहा हातांवर, मांडवाला टांगलेल्या दुधीसारखा लोंबत राहिलो.

तेवढ्यात फॉरेस्टचे गार्ड जंगूभाऊ सायकल ढकलत आले. इसरू कोयता घेऊन वर चढला होता. जंगूभाऊंनी खालून त्याला बजावले की फांदी कापलीस तर केस होईल, दोर काप. इसरूने दोर कापला. मी पडलो. आणि मामाजी, अभिमानाने सांगतो, पाय जोडलेले, गुडघे वाकलेले, हनुवटी छातीला, आणि कुशीवर असा लोळलो की जंगूभाऊ, सायकल आणि मी तिघेही बरोबरच नालीत गेलो. लटारूभाऊंनी टाळी वाजवली. जंगूभाऊ उठले, टोपी झटकली, आणि मंडळ मला उचलून न्यायला लागले तेव्हा आडवे आले. त्यांनी कायदा सांगितला. राखीव जंगलात झाडावरून जे खाली पडते, मग ते फळ असो, मध असो, वाळकी काटकी असो, ते सरकारी वनोपज. पासाशिवाय ते कोणाला नेता येत नाही. मुखरूजी म्हणाले की हा आमचा चिटणीस आहे. जंगूभाऊ म्हणाले की वर होता तोवर असेल.

अशा रीतीने मी फॉरेस्टच्या नाक्यावर जमा आहे. पाठीवर खडूने नंबर घातला आहे. बेवारशी माल म्हणून नोंद आहे, आणि मालकाने जातीने येऊन ओळख पटवल्याशिवाय सुटका नाही. मंडळाचा हक्क चालत नाही, लटारूभाऊंचा चालत नाही. मालक कोण असे विचारल्यावर मी खरे तेच सांगितले. तेव्हा कृपा करून आपल्या कन्येला लवकर पाठवून द्यावे. कायद्याची बाब आहे, माझ्या हातात काही नाही. मामीजींना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

आपला आज्ञाधारक,
गुणवंत

ता. क. लटारूभाऊ अजून आमच्या घरीच आहेत. शेवटच्या कोंबडीने अंडी घालायला सुरुवात केल्यामुळे चौदावा दिवस धरायला ते तयार नाहीत. सिंदेवाहीत कोणाला उडी शिकायची हौस असेल तर जरूर कळवावे. माणूस फार अनुभवी आहे. मी स्वतः गाडीत बसवून पोचते करीन.

दुसरा ता. क. वरचे पत्र पोस्टात टाकण्याआधी जंगूभाऊंनी वाचले, आणि खोटे लिहू नका म्हणून मला परत बसवले. तेव्हा दुरुस्ती अशी. जंगूभाऊंनी मस्करी केली होती. मला त्यांनी त्याच दिवशी, चहा पाजून, सोडले. खडूचा नंबर मीच पुसू दिला नाही. गेले दहा दिवस मी आपणहून नाक्यावर राहतो, गाड्या आल्या की आडवा बांबू वर करतो, गेल्या की खाली करतो. जंगूभाऊ रोज विचारतात, "घरी काऊन नाई जात, गुणवंतभाऊ?" मी सांगतो की कंबर दुखते. आणि मी उडीही मारलेली नाही. रुमाल तीनदा पडला, मी हललो नाही. शेवटी लाल मुंग्या धोतरात शिरल्या आणि मी दोन्ही हातांनी खाजवायला गेलो.

तिसरा ता. क. हे जंगूभाऊंना वाचायला देत नाही. आपल्या प्रश्नाचे खरे उत्तर असे की पाच उड्या लागतात आणि माझी एकही झाली नाही. म्हणजे शिक्षण कधी पुरे होणार नाही, आणि मंडळाला मी काल तसे लेखी कळवले. नाही हा शब्द मी आयुष्यात पहिल्यांदा लिहिला, तो जरा वाकडा आला. वरून सुटलो तेव्हा आता मेलोच असे वाटले. लोक म्हणतात अशा वेळी माणूस देवाचे नाव घेतो. मी धुरपताचे घेतले. पडता पडता घेतले, लोंबताना घेतले, सातआठशे माणसांसमोर, तिचे दोन चुलते आणि आमच्या घराण्यातले वडीलधारे मोठे बावाजी पुढे बसलेले असताना, उखाण्याबिखाण्याशिवाय. लग्नाला अकरा वर्षे झाली, तिच्या तोंडावर एकदाही घेतले नव्हते. गाव अजून हसत आहे. ते हसेना का. पण घरात जाऊन त्या नावाने हाक मारली तर ओ द्यायला ती आत नाही, म्हणून मी घरी जात नाही. एवढे धुरपताला वाचून दाखवा. बाकीचे पत्र चुलीत घातले तरी चालेल.