मुखवट्यावरचा भंडारा

३ सप्टेंबर २०१९
औरंगाबादला पोचलो. इस्पितळाजवळची खोली हवेशीर आहे. बायकोनं, बानाबाईनं, कोनाड्यात आमच्या बिरोबाचा चांदीचा टाक मांडला. माझ्या डोक्यातली गाठ कापली तरी तिची मुळं राहतात, म्हणून सुट्ट्या सोडून तीस दिवस किरणांचा शेक घ्यायचा. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रोज थोडं लिहा, हात आणि शब्द शाबूत आहेत का ते कळतं. शेकताना डोकं हलू नये म्हणून गरम पाण्यात मऊ केलेली प्लास्टिकची जाळी चेहऱ्यावर ताणून माझा मुखवटा केला. तो खुंटीला टांगतात. शेजारच्या खुंटीवरचा बजाजनगरच्या बद्रीनाथचा. त्यालाही हाच आजार. म्हणाला, मामा, आपण आता एकाच कळपातली मेंढरं. लई हसलो.

६ सप्टेंबर
चाचणीतलं नवं औषध अर्ध्याच रोग्यांना. कुणाला, ते कॉम्प्युटर ठरवतो, आपण देवाला कौल लावतो तसं. कौल बद्रीनाथला मिळाला. मला जुन्याच गोळ्या. त्यानं तर कधी देवाला हात जोडलेले मी पाहिले नाहीत.

१ ऑक्टोबर
बद्रीनाथची उरलेली गाठ निम्मी झाली. त्याची बायको आशाबाई पेढे वाटत आली. माझा पेढा मी कागदात गुंडाळून ठेवला. बद्रीनाथ म्हणाला, मामा, तुमच्या बिरोबाला कॉम्प्युटर येत नाय व्हय?

३ ऑक्टोबर
वडील मेंढरं राखायचे, त्यांची रीत आठवली. मेंढरू बदलून घ्यायचं तर त्याच्या कपाळी देवाची हळद, भंडारा, लावायची. मग त्याचं दूध आपलं, रोगही आपला. आपलं मेंढरू समोरच्याचं. बदल मोडता येत नाही.
आज खुंटीपाशी कुणी नव्हतं. बद्रीनाथच्या मुखवट्याला भंडारा लावला. म्हटलं, देवा, त्याच्या वाट्याचं मला दे.

७ ऑक्टोबर
डोकं दुखायचं थांबलं. पण माझा मुखवटा मला बसेना. शेक देणारी पोरगी म्हणाली, मामा, जबडा रुंद कसा झाला?

९ ऑक्टोबर
गुपचूप बद्रीनाथचा लावून पाहिला. चपखल बसला.

११ ऑक्टोबर
बद्रीनाथच्या नव्या फोटोत गाठ परतली. दुप्पट. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गाठीची ही जात औषधातूनही वाट काढते.
भंडारा पुसायला धावलो. मुखवटा कोरा — हळद माझ्या कपाळी. खरवडली तरी —

१४ ऑक्टोबर
डावा हात उचलत नाही. उशाशी आशाबाई. मला अहो म्हणते, रडते —

१५ —
खिडकीतून दिसला. माझा चेहरा. हातात माझा टाक. ठणठणीत चालतोय — बानाबाई त्याच्या मागं, हसत — माझी बाना —
हाक मारली. आवाज बद्रीना