मनीच्या ताटातला गहू

१८ नोव्हेंबर

आज डॉक्टरीणबाई मला ओरडल्या. हसत हसत, पण ओरडल्याच.

माझ्या नातीचा, मनीचा, रक्ताचा रिपोर्ट आला. काहीच ठरत नाही म्हणे. धड हो नाही, धड नाही नाही. बाईंनी विचारलं, "हिचं गव्हाचं खाणं चालू आहे ना? चपाती, बिस्कीट?" माझी सून सुप्रिया खाली बघायला लागली. मीच बोलले, "नाय ओ. दिवाळीच्या आधीच बंद केला मी गहू. तांदलाची भाकरी न् भात. बघा कशी तरतरी आलीय." मला वाटलं शाबासकी मिळेल.

बाई बोलल्या, "आजी, आम्ही चोर पकडायला आलो आणि तुम्ही त्याला आधीच वेशीबाहेर घालवलात. आता सापडायचा कसा?"

आता परत गहू सुरू करायचा. रोज. दीड-दोन महिने. मग परत रक्त, आणि तोंडातून नळी घालून आतड्याचा तुकडा. तेव्हा कळणार. नवीन पनवेलच्या दवाखान्यातून रिक्षाने विचुंब्याला घरी आलो.

(हे मी बोलते आणि सुप्रिया लिहिते. मला अक्षर येत नाही. मनीच्या पोटाचं रोज लिहून ठेवा असं बाईंनी सांगितलंय, तर मी बोलले, तिच्या पोटाबरोबर माझ्या पोटातलं पण लिही. सुप्रिया घाटावरची, माझं बोलणं धुऊन सरळ करते. थोडं वाकडं राहू दे गं.)

१९ नोव्हेंबर

मनी तिसरीत आहे, पण बालवाडीतली वाटते. पोट पुढे, पाय काड्या. रक्त कमी. जंताचं औषध झालं, टॉनिक झालं, मीठमिरच्या ओवाळून झाल्या. मिरच्यांचा ठसका आला नाही, म्हणजे दृष्टच, असं मी छाती ठोकून सांगितलं. मिरच्या जळल्या, पोट तिथेच.

मग गणपतीनंतर तिला उरणला माझ्या लेकीकडे नेलं. तिथे दोन्ही वेळ भाकरी, भात, मासळी. पोट बसलं, पोर खेळायला लागली. घरी आलो, डब्यात चपाती, चहाबरोबर बिस्कीट, आणि परत तेच. तेव्हा मी बोलले, "हा सुप्रियाच्या पोळपाटाचा गुण!"

चेष्टेत बोलले होते. ती हे लिहिताना वर बघत नाही.

२१ नोव्हेंबर

पहिली चपाती. मनीने दात आवळले.

"आजी, तूच बोललीस ना, चपाती वाईट?"

तिची आई हरली. बाप हरला. बाप म्हणजे माझा मुलगा प्रमोद, न्हावाशेव्याला ट्रेलर चालवतो. एवढा मोठा कंटेनर वळवतो, पण आठ वर्षांच्या पोरीचं तोंड काय त्याला उघडता येईना. शेवटी ताट माझ्यापुढे आलं. माझ्या हातून खाल्लीन्. प्रत्येक घासाला माझ्याकडे बघत होती. मी खाडीतल्या खेकड्याची गोष्ट सांगत होते. चपाती संपेना म्हणून खेकडा बिचारा चालतच राहिला, बिळाचं नाव नाही.

३० नोव्हेंबर

पोट फुगलं. शाळेतून घरी पाठवली. ओकली.

संध्याकाळी प्रमोदला बोलले, "पुरे कर हे. आपल्याला कळलंय ना कशाने होतं? मग गहू नाय द्यायचा, झालं. नळी कशाला?"

तो चप्पल काढत होता. बोलला, "आये, उद्या ही मोठी होईल. कोणीतरी बोलेल, थोडं खाल्लं तर काय होतं. तेव्हा हिने काय दाखवायचं? माझी आजी बोलली होती, हे?"

पोरगा मला गप्प करतो तेव्हा अगदी बापावर जातो. त्याच्या बापालाही मी उत्तर देत नसे, नुसतं ताट आपटायची. आज आपटायला ताट पण हातात नव्हतं.

१२ डिसेंबर

सुप्रिया लाटते, मी भरवते. दोघी मिळून पोरीला.....

पुढचं लिहू नको.

१९ डिसेंबर

मनी आता रडत नाही. त्याचंच वाईट वाटतं. ताट आलं की येऊन बसते, गाडीची वाट बघत बसावं तशी. मी बोलले, "आज खेकड्याची गोष्ट?" तर बोलली, "नको. लवकर दे."

२ जानेवारी

"आजी, अजून किती चपात्या?"

"थोड्याच गं."

"तुझ्या थोड्या का डॉक्टरांच्या थोड्या?"

जीभ माझी घेतलीय, शरीर तेवढं कोणाचं घेतलंय देव जाणे. पायावर सूज. सुप्रियाने बाईंना फोन लावला. बाई बोलल्या, आणून दाखवा. दाखवली. आता लांबवायला नको, बोलल्या, एवढ्यात दिसेल. नळीची तारीख दिली, तोवर चपाती चालूच.

१६ जानेवारी

सकाळपासून मनी उपाशी. मी पण चहा घेतला नाही. सुप्रिया बोलली, "आई, तुम्हाला नळी नाही घालायची." बोलले, "मला कोण घालतंय, घातली तर मी त्यांनाच चावेन." मनी हसली. आजच्या दिवसातलं तेवढंच.

मोठं हॉस्पिटल. पाणी पण नळाला हात न लावता येतं. एकालाच आत सोडतात, आई आत गेली. दार लागताना मनी बोलली, "आजी पण." आजी बाहेर.

शेजारी एक बाई बसली होती, तिने विचारलं, "काय झालंय नातीला?"

"काय नाय. मी जेवायला घातलं."

तिला वाटलं म्हातारी भ्रमिष्ट. तिने मला अर्धं केळं दिलं. खाल्लं.

झोपेच्या सुईने मनी झोपली, उठली तेव्हा ओठ कोरडे. पहिलं काय विचारलं तर, "आता संपल्या ना चपात्या?"

२३ जानेवारी

आहे. तेच आहे.

बाईंनी नाव सांगितलं, सेलिअॅक. माझ्या तोंडात ते बसत नाही. मी गव्हाचा आजार म्हणते. गहू, रवा, मैदा, सातू, काही नाही. औषध नाही, सुई नाही, नुसतं न खाणं. आतडं आपलं आपण भरून येईल, पण कणभर गेलं तरी परत सोलवटतं.

"किती दिवस?" मी विचारलं.

"जन्मभर, आजी."

आईबापाचं रक्तही तपासायला घेतलं. (नंतर कळलं, दोघांचं स्वच्छ.)

परत येताना सुप्रिया रिक्षात रडली. एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा. माझं खरं ठरलं होतं. आमच्या घरात चपाती आणली तिनेच, लग्न होऊन आली तेव्हापासून मी तिला त्यावरून छळलंय. पिठाच्या हातांनी आलेली लक्ष्मी, म्हणायची मी. आज बोलायला मोकळं रान होतं.

"आई, रोज मीच डब्यात घालून दिली."

"आणि मी भरवली ती काय अमृत होती? नाक पूस. रिक्षावाला आरशातून बघतोय."

२६ जानेवारी

स्वयंपाकघराची झडती. पोळपाट, लाटणं, जुना तवा, लाकडी उलथनं, सगळं माळ्यावर. पुसून पुसून सुप्रियाचे हात सोलले. हिंगाची डबी पण बाहेर! बोलले, हिंगाने काय वाकडं केलं? तर त्यात पण गव्हाचं पीठ असतं म्हणे. जन्मभर आमटीत गहू टाकत आले आणि घाटावरचीला नावं ठेवत आले.

खरी गोम गिरणीत. आमचे तांदूळ दुसऱ्याच्या गव्हामागून दळले जातात. गिरणीवाला माझ्या माहेरचा, खोटं बोलायचा नाही. बोलला, "मावशी, आत थोडं पीठ राहतंच. कितीबी झाडा." म्हणजे मी दिवाळीच्या आधीपासून मोठ्या दिमाखात जी शुद्ध भाकरी घालत होते.....

३ फेब्रुवारी

प्रमोदने घरगुती चक्की आणली. विमानासारखी ओरडते. पीठ जरा भरड, भाकरी कडेला चिरते. मनी खाते.

प्रमोद बाहेर वडापाव खातो आणि अंगणातल्या नळावर चूळ भरून घरात येतो. दारू पिऊन आल्यासारखा तोंड लपवतो. मी बोलले, "किती पावांची चढलीय?"

१० मार्च

मनीचं वजन वाढलं. फ्रॉक आखूड झाला. काल गल्लीत पोरांच्या मागे धावली आणि पडली, गुडघा फुटला. सुप्रिया घाबरली. मला बाई आनंद झाला, पडायला आधी धावावं लागतं.

माझ्या हातचं घ्यायच्या आधी विचारते, "आजी, हात धुतलास?" कोळंबी सोलून, मीठ चोळून या हातांनी घर वाढवलं. धुते. परत धुते.

४ मे

जावेच्या नातवाचं लग्न. मांडव, मटण, वडे. आमच्यात वडे तांदळाचे, म्हणून मी निर्धास्त. तरी चुलीपाशी जाऊन जावेला विचारलं, "भिमे, वड्यात काय घातलंस?"

"तांदूल, उडीद, मेथ्या. न् मूठभर गहू. जरा मऊ होतात."

मागे वळले तर मनीच्या हातात वडा. कोणी दिला देव जाणे. ओठांना लागला होता. मी पोरीच्या हातातून हिसकावला. सगळ्यांसमोर. पोरं हसली. भिमी कमरेवर हात ठेवून बोलली, "एवढ्याशा गव्हाने काय मरतं काय कोनी? आमच्या घरचं बाधतं व्हय तुमाला?"

"बाधतं," मी बोलले. आता लग्नघरी माझं काय नाव पडलं ते विचारू नका.

मनी घरून आणलेला डबा घेऊन एका कोपऱ्यात बसली. उघडलाच नाही. घरी येऊन बोलली, "आजी, तू कोणाला काही बोललीच नसतीस ना, तर मला कळलंच नसतं. मी वडा खाल्ला असता."

"पोट दुखलं असतं गं बाय."

"दुखू दे. पहिलं पण दुखायचंच ना? पण तेव्हा सगळ्यांबरोबर बसायची मी."

तिचं हे बोलणं आहे तसंच लिही, धुऊ नको.

६ मे

मनीने माझ्याशी अबोला धरलाय. पाणी पण आईकडून मागते.

मी आहे तोवर हातातला वडा काढून घेईन. नंतर कोण? सुप्रिया बोलते, मी आहे ना. अगं, तू तरी किती मांडवांत पुरशील?

१५ मे

आज बोलली. "आजी, तुझं नाक वाजतं झोपेत." एवढंच. मी दिवसभर तेच घोळवत बसले.

३ जुलै

उद्या मनीच्या वर्गात एका मुलीचा वाढदिवस. वर्गात केक कापणार. सुप्रिया बोलली, उद्या हिला घरीच ठेवू. मी बोलले, पाठव.

"मग टीचरना फोन करून सांगते, लक्ष ठेवा."

"नको. टीचरने हात धरला तर ही टीचरचा हात चुकवायला शिकेल. लग्नात मी धरला, काय झालं बघितलंस ना?"

"आणि खाल्ला तर? आई, नुसतं पोट दुखून थांबत नाही. आतडं जातं."

"मला सांगतेस? आतडं दाखवायला माझ्याच हातचं खाल्लंय तिने."

सुप्रियाने फोन ठेवून दिला. माझ्या सांगण्यावरून, नाइलाजाने, हे पण तिने स्वतःच लिहिलं. बरोबर आहे तिचं. काही झालं तर माझ्यावरच यावं.

मनीला मी काहीच सांगितलं नाही. आई मात्र बोललीच, "केक म्हणजे मैदा, माहितीय ना?" मनी बोलली, "माहितीय." तोंड दुसरीकडे.

४ जुलै

सकाळी गूळखोबऱ्याचे घावन करून डब्यात दिले.

दुपारी शाळेची व्हॅन कोपऱ्यावर थांबली. मी आधीपासून उभी. मनी उतरली. बाहीला गुलाबी क्रीम. केसात चमकी. डबा रिकामा, पण तिच्या मैत्रिणींना माझे घावन आवडतात, तेव्हा त्यावरून काही कळत नाही.

"काय बघतेस?"

"उंच झालीस ते बघते."

"खोटं," बोलली. पण माझ्या हातात दप्तर दिलं.

घरी येऊन हातपाय धुतले. भात आणि कोळंबी वाढली, चार घास खाऊन उठली. "पोट भरलंय." कशाने भरलं ते मी विचारलं नाही. सुप्रिया विचारायला निघाली, तिचं डावं मनगट मी धरलं. अजून धरलंय. उजव्या हाताने ती हे लिहितेय.

आत मनी बाराचा पाढा म्हणतेय. ती मध्येच थांबली की आम्ही दोघीही थांबतो.